नाशिकचा द्राक्षपट्टा : वाईनच्या गावांची ओळख

नाशिक शहराच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या जलाशयालगतची गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हे ही गावे. उत्तरेस दिंडोरी तालुका. पूर्वेस गोदावरी आणि कादवा यांच्या काठाने पसरलेला निफाड तालुका. आणि नैर्ऋत्येस इगतपुरी तालुक्यातील संजेगावचा परिसर. या चार टापूंत देशातील वाईन उद्योगाचे केंद्र सामावलेले आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाने येथील वाईनला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. गोव्यातून दर हिवाळ्यात अनेक कुटुंबे त्र्यंबकेश्वर, शिर्डी आणि सप्तशृंगी या देवस्थानांना जातात. त्यांची वाट बहुधा याच गावांच्या शिवारातून जाते. मात्र ही गावे स्वतंत्रपणे पाहण्यासारखी आहेत, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

गोमंतकीय वाचकाला वाईन हा शब्द परका नाही. पोर्तुगीज अमदानीत ती देवळातल्या तीर्थाइतकी नसली तरी चर्चमधील विधींइतकी आणि मेजवानीच्या टेबलाइतकी सवयीची झाली होती. तरीही द्राक्षाचा मळा गोव्यात दिसत नाही, याचे कारण हवेत आहे. द्राक्षवेलीला पावसाळ्यानंतर दीर्घ कोरडा काळ, उन्हाचे दिवस आणि गार रात्री लागतात. कोकणपट्टीची दमट हवा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस तिला मानवत नाही; पानांवर बुरशी धरते आणि घड कुजतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असलेल्या नाशिकच्या पठाराला मात्र या तिन्ही गोष्टी लाभल्या आहेत. निफाडमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा एक आकडी होतो. थंडीची लाट आली की शेतकरी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून मणी वाचवतात. पहाटे त्या भागातून जाणाऱ्याला मळ्यामळ्यांतून उठलेला धूर दिसतो, तो या धडपडीचा असतो.

काजूच्या फेणीशी तुलना केल्यास वाईनचे स्वरूप लवकर स्पष्ट होते. फेणीसाठी बोंडूंचा रस आंबवून तो भाटीवर चढवावा लागतो. पहिल्या वाफेतून हुर्राक आणि पुढील ऊर्ध्वपातनातून फेणी मिळते. वाईनला भाटी नसते. द्राक्षाचा रस आंबतो, निवळतो, मुरतो आणि बाटलीत जातो. म्हणून तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण साधारणतः 12 ते 14 टक्के इतकेच राहते. दुसरा फरक हंगामाचा. नाशिकची द्राक्षतोड जानेवारी ते मार्च या काळात चालते आणि ती उरकत असतानाच गोव्यातील काजूच्या बागांत बोंडू पिकू लागतात.

जुना इतिहास, नवा उद्योग

मद्यासाठी द्राक्ष वापरण्याची माहिती भारताला प्राचीन काळापासून होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या प्रकारांत द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून कापिशायन आणि हारहूरक अशी त्याची प्रदेशवाचक नावे दिली आहेत. ती वायव्येकडील मुलखाकडे निर्देश करतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारग्रंथात भरूचच्या बंदरात इटलीची वाईन विशेष पसंत केली जात असे, अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात भरूचला माल पुरविणाऱ्या शहरांत ओझेने, म्हणजे उज्जैन, आणि पैठण यांची नावे येतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशाच्या उत्खननात रोमन बनावटीच्या दुकानी कुंभांचे तुकडे सापडले, तेही याच व्यापाराचे साक्षीदार होत. अर्थात ही आयात होती. गोदेच्या काठी तेव्हा वाईन होत असे, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही.

नाशिक जिल्ह्यातील आधुनिक द्राक्षशेतीचा आरंभ 1925 च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केला, असे मानले जाते. पुढे पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी या भागांत खाण्याच्या द्राक्षाने शेतीचे रूपच बदलून टाकले. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका ही वाणांची नावे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. वाईनचा विचार त्यामानाने उशिरा, 1980 च्या दशकात सुरू झाला. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे श्याम चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाईन तयार केली. पिंपळगाव बसवंत परिसरातील शेतकऱ्यांनीही त्याच दशकात तसा एक धाडसी प्रयत्न केला, पण तो काळाच्या पुढचा ठरला.

खरे वळण आले ते 1990 च्या दशकाअखेरीस. राजीव सामंत यांनी गंगापूर-सावरगाव भागात वाईनच्या वाणांची लागवड केली आणि 2000 साली ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि निफाड तालुक्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभारण्याचे ठरविले. विंचूर हे गाव मराठ्यांच्या इतिहासात पानिपतच्या रणांगणावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांमुळे प्रसिद्ध आहे; आज ते कांद्याच्या आणि वाईनच्या निमित्ताने अधिक ओळखले जाते. पुढे सोमा, यॉर्क, वलोने, ग्रोव्हर झांपा, शांदों अशी नावे या पट्ट्यात आली.

वेलीला झोप नाही

युरोपातील द्राक्षवेल हिवाळ्यात पाने टाकून निद्रिस्त होते आणि वसंतात पुन्हा फुटते. नाशिकच्या उष्ण कटिबंधीय हवेत वेलीला ही निद्रा मिळत नाही. ती बारमाही वाढू पाहते आणि मोकळी सोडली तर वर्षातून दोनदा फळू शकते. म्हणून येथील शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो आणि पीक मात्र एकदाच घेतो. एप्रिलची खरड छाटणी फळासाठी नसते; तिच्यातून नव्या काड्या तयार होतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील हंगामाचे सूक्ष्मघड आकार घेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील छाटणी फळासाठी असते. तिच्यानंतर सुमारे चार ते पाच महिन्यांत घड तोडणीस येतो. एप्रिलच्या उन्हात उघडीबोडकी दिसणारी बाग पाहून परगावचा माणूस ती वाळली असे समजतो, तेव्हा तिच्या काडीत पुढच्या वर्षीचे पीक लिहिले जात असते.

मोगल काळातील ‘आइन-ए-अकबरी’त माळव्यातील धारच्या वर्णनात तेथे वेल वर्षातून दोनदा फळते आणि त्या दोन बहरांपैकी वसंताच्या तोंडावरचा अधिक गोड असतो, अशी नोंद आढळते. नाशिकच्या शेतकऱ्याला या नोंदीचे नवल वाटणार नाही. पावसाळ्यात पिकणारा बहर सोडून द्यावा आणि फाल्गुनाच्या आगेमागे पिकणारा घ्यावा, हे त्याचे आजचे शास्त्र नेमके त्याच अनुभवावर उभे आहे.

खाण्याचे आणि वाईनचे द्राक्ष यांतील फरक बांधावरून ओळखता येतो. खाण्याच्या द्राक्षासाठी वेली डोक्यावर मांडवासारख्या पसरलेल्या असतात; घड लांब, मणी टपोरे आणि पातळ सालीचे असावेत म्हणून विरळणी केली जाते आणि घड जीएच्या द्रावणात बुडविले जातात. वाईनच्या बागेत बहुतेक ठिकाणी ताटीसारख्या उभ्या रांगा दिसतात. त्यांतील मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे असतात. रंग, वास आणि तुरटपणा सालीतच असल्यामुळे लहान मणी येथे गुण ठरतो. खाण्याचे द्राक्ष 16 ते 18 ब्रिक्स गोडीला तोडले जाते. वाईनचे बहुधा 22 ते 24 पर्यंत वेलीवर ठेवतात. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों आणि झिनफँडेल ही येथील प्रमुख वाणे. एका बाटलीसाठी साधारण एक ते सव्वा किलो द्राक्ष लागते.

वायनरीच्या आत

तोडणी पहाटे होते. गार मणी आणला तर रसाचा वास टिकतो. क्रेटमधून आलेल्या घडांचे देठ यंत्राने वेगळे केले जातात. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच सालीपासून विलग करतात आणि पोलादी टाक्यांत कमी तापमानाला आंबवतात. तांबड्या वाईनसाठी साल रसातच ठेवली जाते. ती वर तरंगून येते आणि तिच्यावर खालचा रस पुन्हापुन्हा सोडावा लागतो. काही वाईन त्यानंतर ओकच्या पिंपांत मुरवतात. फेसाळ वाईनला बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत वापरली की तिच्यात बारीक बुडबुडे येतात.

फेब्रुवारीत वायनरीच्या अंगणात उभे राहिले तर आंबणाऱ्या रसाचा जो दरवळ येतो, तो गोव्यातील एप्रिलच्या काजूच्या गंधापेक्षा सौम्य, पण त्याच जातीचा असतो. सहलीचा हंगाम म्हणून डिसेंबर लोकप्रिय असला तरी काही पाहायचे असेल तर जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हाच काळ योग्य होय. पावसाळ्यात डोंगर हिरवे असतात. मात्र टाक्या बंद आणि बागा नुसत्या पानांच्या असतात.

वायनरीत चव घेण्याचा एक क्रम असतो: हलक्या पांढऱ्यापासून जड तांबडीकडे. प्रत्येक पेल्यात थोडीच ओतली जाते आणि ती थुंकून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. त्याचा वापर करणे असभ्य समजले जात नाही. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची किमान मर्यादा 21 वर्षे आहे. चालकाने चव घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. शिवाय वायनरी ते महामार्ग हे रस्ते अरुंद असून त्यांवर ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या आणि रात्री बिनदिव्यांच्या सायकली असतात.

शांत गाव कोठे आहे

गंगापूर-सावरगाव रस्ता एके काळी निवांत होता. आज शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची तेथे रीघ लागते, जलाशयाकाठी रिसॉर्ट उभे राहिले आहेत आणि मळ्यातील मिसळीसाठीही रांग असते. ज्याला पेला आणि सूर्यास्त हवा त्याने तेथे अवश्य जावे. ज्याला गाव हवे त्याने दिंडोरी किंवा गोदाकाठ गाठावा.

दिंडोरी तालुक्यातील आशेवाडी हे त्याचे एक चांगले उदाहरण. नाशिकपासून ते पंधरा किलोमीटरच्या आसपास असून रामशेज किल्ल्याच्या पायथ्याशी वसले आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात हा आकाराने लहान किल्ला मोगल फौजेशी पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. गडावर फारसे बांधकाम उरलेले नाही, चढही तासाभराच्या आत संपतो. पण माथ्यावरून खाली पाहिले की द्राक्षाच्या रांगा, शेततळ्यांचे निळे चौकोन आणि मध्येच टोमॅटोचे तुकडे असा तालुक्याचा नकाशाच समोर उलगडतो. त्याच तालुक्यात मोहाडी येथे ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी आहे. खाण्याच्या द्राक्षांच्या निर्यातीत ती देशात अग्रेसर असून, शेतमाल युरोपच्या दुकानांत कसा पोहोचतो हे समजून घेण्यास तेथील प्रकल्प उपयुक्त आहे.

निफाडच्या गोदाकाठावर नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तयार झालेल्या या पाणथळ जागेस 2020 च्या जानेवारीत रामसर दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील असे हे पहिले ठिकाण. चापडगाव, खानगाव थडी या गावांतून पक्षी पाहता येतात. स्थलांतरित बदके आणि रोहित पक्षी ज्या महिन्यांत येथे असतात, त्याच महिन्यांत आजूबाजूच्या बागांत मणी गोड होत असतो. या भागात उसामुळे बिबट्याचा वावर आहे. तिन्हीसांजेनंतर बांधावरून पायी फिरण्याचा मोह टाळावा, असे गावकरीच सांगतात.

या गावांत पाहुण्याचे स्वागत होते. मात्र बाग ही बागबगीचा नव्हे, हे लक्षात ठेवणे इष्ट. भुरी आणि केवडा या बुरशीजन्य रोगांसाठी वेलींवर वारंवार फवारणी होते आणि फवारणीनंतर ठरावीक दिवस उलटल्याशिवाय द्राक्ष खाण्यायोग्य नसते. म्हणून घड दिसला की हात घालणे हे शेतकऱ्याच्या दृष्टीने नुकसानीचे आणि पाहुण्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे. निर्यातीच्या बागेत तर परवानगीवाचून पाऊल टाकू नये. एखाद्या रसायनाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला, तर सारा कंटेनर नाकारला जाऊ शकतो. घरी बोलावणे आलेच, तर बाजरीची भाकरी, ठेचा, शेवभाजी आणि वर ताक असे जेवण मिळते. वाईनच्या गावात घरोघरी वाईन मिळत नाही. द्राक्ष पिकवणारी बहुसंख्य कुटुंबे वाईन पीत नाहीत, आणि वारकरी घरांत तिचा उल्लेखही ‘कंपनीचा माल’ असाच केला जातो.

कोणाच्या श्रमाचे द्राक्ष

बागेतील कामाचा मोठा भार मळेमालकाच्या घरातील माणसांवर नसून बाहेरगावच्या मजुरांवर असतो. पेठ, सुरगाणा आणि हरसूलकडील आदिवासी कुटुंबे भातकापणी आटोपून टोळ्यांनी दिंडोरी-निफाडकडे उतरतात. छाटणी, डोळ्यांना पेस्ट लावणे, फूट काढणे, विरळणी, तोडणी अशी कामे त्या एकरी उक्त्या दराने करतात. छाटणीच्या दिवसांत पहाटे दिंडोरी, पिंपळगाव येथील चौकांत मजुरांचा बाजार भरतो. एका काडीवर किती डोळे ठेवायचे, हे कोकणा किंवा वारली बाईचा हात जितक्या वेगाने ठरवतो, तितक्या वेगाने कृषी पदवीधरही ठरवू शकत नाही. चव घेण्याच्या दालनातील माहितीपटात ही माणसे फारशी दिसत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही दूरवरून आणावे लागते, हा या समृद्ध पट्ट्याचा दुसरा काठ होय.

पाण्याचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. गंगापूर, पालखेड आणि दारणा या धरणसमूहांवर येथील शेती अवलंबून आहे, आणि याच गोदावरीच्या खालच्या अंगास मराठवाड्याचे जायकवाडी धरण आहे. पावसाळ्याअखेर जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी राहिल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, या तत्त्वावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात अनेक वर्षे वाद चालू आहे. द्राक्षबागा ठिबकवर असल्या तरी त्यांना पाणी नेमके तेव्हाच लागते, जेव्हा खालच्या भागात टँकर फिरू लागतात.

शेतकऱ्याचा हिशेब आणि वाईनचा वाद

नाशिकच्या एकूण द्राक्षक्षेत्रात वाईनच्या द्राक्षांचा वाटा अगदी थोडा आहे. ही बाब दुर्लक्षिली गेल्यामुळे वाईनविषयीची बरीच चर्चा भलत्या वाटेने जाते. वाईनचे द्राक्ष बहुधा कंपनीशी करार करून लावले जाते. त्याला जीएचा, विरळणीचा आणि पॅकिंगचा खर्च कमी, दर आधी ठरलेला. पण एकरी उत्पादन कमी आणि गिऱ्हाईक एकच. खाण्याचे द्राक्ष दर पडला तर दुसऱ्या बाजारात पाठवता येते किंवा त्याचा बेदाणा करता येतो. शिराझचे लहान, बियाळ मणी वायनरीने नाकारले तर त्यांना दुसरा बाजार जवळजवळ नाहीच.

याचा कडू अनुभव 2008 नंतर आला. जागतिक मंदी आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेलांतील खप घटला, टाक्यांत वाईन पडून राहिली, काही वायनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांची देणी थकली. अनेकांनी उभ्या वेली उपटून पुन्हा थॉमसन लावले. जे तगले त्यांना पुढे शासनाच्या प्रोत्साहन योजनेचा आधार मिळाला. वाईनवरील 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उद्योगाला परत देण्याची ती तरतूद होती.

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि 1,000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांत वाईनविक्रीस मान्यता दिली तेव्हा वाद पेटला. शेतकऱ्याला लाभ होईल, असे समर्थकांचे म्हणणे होते. वाईन ही दारूच असून ती किराणा मालाच्या शेजारी येऊ नये, असा विरोधकांचा आग्रह होता आणि अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले गेले. परंतु खाण्याचे द्राक्ष पिकविणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांचा त्या दुकानातील फळीशी थेट संबंध नव्हता, हे त्या गदारोळात कोणी फारसे बोलले नाही.

शेतकऱ्याला आज अधिक भीती आहे ती आभाळाची. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेल्या पावसाने फुलोऱ्यातील बागा कुजल्या. 26 नोव्हेंबर 2023 रोजी निफाड भागात झालेल्या गारपिटीने काही मिनिटांत वर्षभराचा खर्च जमिनीवर आणला. त्यानंतर प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बाग घेण्याचे प्रमाण वाढत आहे, पण त्याचा एकरी खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. काहींनी वेली काढून मका किंवा टोमॅटोही लावला. दहा वर्षांपूर्वीची छायाचित्रे पाहून जाणाऱ्या प्रवाशाला काही शिवारांत द्राक्षाऐवजी रिकामे लोखंडी अँगल उभे दिसतील.

नाशिक ते देवास गेट

नाशिक आणि उज्जैन ही दोन्ही सिंहस्थाची क्षेत्रे. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थाची मुख्य स्नाने 2027 मध्ये, तर उज्जैनचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे. त्यामुळे येत्या काळात अनेक मराठी यात्रेकरू या दोन्ही ठिकाणी जातील. उज्जैनला रेल्वेने उतरणाऱ्याला स्थानकाजवळच देवास गेट हा गजबजलेला भाग आणि तेथील जुने बस स्थानक लागते. शिंदे घराण्याच्या राजवटीमुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत.

मद्याविषयीची दोन तीर्थांची रीत मात्र निराळी आहे. देवास गेटहून शहराबाहेरच्या बाजूस, क्षिप्रेच्या काठी भैरवगड येथे काळभैरवाचे मंदिर आहे. तेथे देवाला मद्याचा नैवेद्य दाखविण्याची प्रथा असून पुजारी बशी मूर्तीच्या मुखाशी धरतो. याच उज्जैनमध्ये महापालिका हद्दीत 1 एप्रिल 2025 पासून मद्यविक्री बंद करण्यात आली. मध्य प्रदेश शासनाने धार्मिक महत्त्वाच्या 19 ठिकाणी लागू केलेल्या निर्णयाचा तो भाग आहे. नाशिकमध्ये देवाला मद्य वाहिले जात नाही. पण रामकुंडापासून अर्ध्या-पाऊण तासावर वाईनचे कारखाने उभे आहेत. यांतील कोणती रीत अधिक सुसंगत, हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या सिंहस्थ जवळ येईल तशी वाढेल.

गोव्याहून नाशिकला जाण्यासाठी मडगावमार्गे जाणारी मंगला एक्स्प्रेस सोयीची. ती कोकण रेल्वेने पनवेल-कल्याणमार्गे नाशिकरोडला पोहोचते. वास्कोची गोवा एक्स्प्रेस पुणे, दौंडमार्गे मनमाडला येते. निफाड, विंचूर आणि नांदूर मध्यमेश्वर पाहायचे असल्यास मनमाडला उतरणे सोपे पडते. विमानतळ ओझर येथे, म्हणजे द्राक्षपट्ट्याच्या मध्यावरच आहे. नाशिकहून उज्जैनला आज रस्त्याने धुळे-इंदूरमार्गे जावे लागते. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली असून तो झाल्यावर हा प्रवास बराच सुकर होईल.

गावांतून फिरण्यासाठी स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन हवे. राज्य परिवहनच्या बस दिंडोरी, वणी, निफाड, विंचूर येथे नियमित जातात, परंतु वायनऱ्या आणि पायथ्याची गावे मुख्य रस्त्यापासून आत आहेत. वायनरीची फेरी आणि मुक्काम यांची नोंदणी आधी करावी, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवसांची. बाटल्या घरी आणायच्या असतील, तर दोन राज्यांच्या उत्पादन शुल्क नियमांनुसार किती नेता येतात, याची चौकशी वायनरीतच करून पावती जवळ ठेवावी. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत वाईन दोन दिवसांत बिघडते. ती आसनाखाली, आडवी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली बरी.